छत्रीवाला असता तर

मंगळवार, ३

छत्रीवाला रोज वही लिहितो, म्हणून आजपासून मीपण. बघू किती दिवस टिकतंय.

छत्रीवाला म्हणजे आमच्या कोरियन सिरियलचा हिरो. दुकानात बसून छत्र्या दुरुस्त करतो आणि ज्यांचं कोणी ऐकत नाही त्यांचे सूड घेऊन देतो. दिसायला एकदम बिचारा. पण वाईट माणूस समोर आला की मान अशी तिरकी करतो, की आपण इकडे गादीवर सावरून बसतो. आईला धूसर दिसतं, त्यामुळे खालच्या ओळी मी तिला मोठ्याने वाचून दाखवतो. मधेमधे माझ्या पदरचंही घालतो. काल व्हिलनच्या तोंडी घातलं, "नमुना कुठाय? प्लॅस्टर कोण ओतणार?" आई म्हणाली, "तिकडेपण प्लॅस्टर असतं का रे?" ताईने उशी फेकून मारली.

नमुना म्हणजे मी. हे नाव आमच्या मालकांनी ठेवलंय. त्यांची कवळ्या बनवायची लॅब आहे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं पाठवतात, मी त्यात प्लॅस्टर ओतून साचा काढतो, ताई साच्यावर मेणात एकेक दात बसवते, मग पुढचं काम होऊन कवळी तयार. ताईसारखे दात कोणाला बसवता येत नाहीत. तिने बसवलेली कवळी नुसती टेबलावर ठेवली तरी आता काहीतरी बोलेल असं वाटतं.

तर आजचा पराक्रम. ताई चार वाजता आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. जाताना दोन कवळ्या साच्यावर बसवून बघितल्या, चिठ्ठ्यांवर सही केली, डबे उघडेच ठेवले. सकाळी पॅकिंगच्या काकू झाकणं लावतात. फळीवर टाकाऊ कवळ्या ढीगभर आहेत, पण पिवळ्या, फुटक्या. त्यांच्यात जीव नाही. म्हणून ताईच्या दोन्ही ताज्या उचलल्या. एक मेव्हण्याच्या चहाच्या ग्लासात, एक त्याच्या हेल्मेटमध्ये. मेव्हणा म्हणजे मालकांच्या बायकोचा भाऊ. आमच्यावर साहेब आहे, तोंडावर आम्ही साहेबच म्हणतो.

चहा खाली गेला तसे दात वर आले. काय किंचाळला! आणि मग घाईघाईने हेल्मेट घालायला गेला, ती दुसरी थेट टाळूला चावली. मी दाराआडून मोबाइलवर सगळं घेतलं. मग त्याच्या पाया पडलो, दोन्ही कवळ्या धुतल्या, पुसल्या, डब्यांत टाकल्या. काम फत्ते. मालकांकडे गेलापण नाही तो. भित्रा.

सोमवार, ९

आज लॅबमध्ये आग. खरी नाही, मालकांची.

आपलं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक असलेल्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्याकडच्या दोन पेशंटना भलत्याच कवळ्या गेल्या. डॉक्टर रजेवर होते, मदतनीस बाईने परस्पर देऊन टाकल्या आणि वर सांगितलं, "पहिले दोन दिवस टोचणारच." एक आजी आहेत, त्यांच्या हिरड्यांना फोड आलेत. दुसरे एक आजोबा, त्यांच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी सत्कार ठेवला होता. भाषणाला उभे राहिले आणि चौथ्या वाक्याला वरची कवळी माइकवर.

मला हसू आलं, खोटं कशाला लिहू. पण मालकांनी दोन्ही चिठ्ठ्या ताईसमोर आपटल्या. दोन्हींवर तिची सही.

"साच्यावर बसवून न बघता सही केलीस?"

"बघितलं होतं. दोन्ही बघितल्या होत्या."

"मग काय डब्यात आपापल्या जागा बदलल्या त्यांनी?"

तेवढ्यात मेव्हणा म्हणाला, "त्या दिवशी त्यांना जायची घाई होती."

एवढंच म्हणाला. पण बरोबर वेळेला म्हणाला.

मंगळवार, १०

ताईला मेणाच्या टेबलावरून उठवलं. मागच्या खोलीत साचे घासायला बसवलंय. दिवसभर पांढरी धूळ. संध्याकाळी दोघं एकाच रंगाचे घरी आलो.

पण खरा घाव तो नाहीये. पुढच्या महिन्यात एक तारखेपासून नवीन मशीनचं सहा आठवड्यांचं ट्रेनिंग आहे, परगावी. आमच्या लॅबला एकच जागा. ती ताईची होती, ठरलेलं होतं. आता मालक म्हणतात, पंचवीस तारखेला नाव कळवायचंय, बघू. बघू म्हणजे मेव्हणा.

त्याला एक दात सरळ बसवता येत नाही! त्याचं मेण म्हणजे आईस्क्रीम पडल्यासारखं दिसतं.

डोकं सरकलंय माझं. छत्रीवाला म्हणतो, "ज्याचा फायदा झाला, त्याच्या दारापासून सुरुवात कर." फायदा कोणाचा झाला? मेव्हण्याचा. जागा कोणाला मिळणार? मेव्हण्याला. घाईचं कोण बोललं? सांगायची गरज आहे का? डबे त्यानेच बदलले. केस उघडी.

गुरुवार, १२

ताईला माझी थिअरी सांगितली. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "पुरावा?"

"छत्रीवाला आधी सूड घेतो, पुरावा मागून येतो."

"छत्रीवाल्याला उद्या सकाळी आठ वाजता कामावर जायचं नसतं."

हिला काही पडलेलीच नाही असं वागतेय. आई तर म्हणते, "जाऊ दे, कळेल सगळ्यांना." कसं कळेल? आपोआप? आयुष्यात काही आपोआप कळलंय का कोणाला? म्हणून तर लोक या सिरियली बघतात. पहिल्या भागात गरीब माणूस ऑफिसात जातो, पोलिसात जातो, सगळीकडे "साहेब जेवायला गेलेत" ऐकतो. सोळाव्या, म्हणजे शेवटच्या भागात तेच सगळे साहेब पावसात गुडघ्यावर. मधे कुठेही "बघू" नाही. हे "बघू" ऐकून ऐकून कान किटलेत माझे.

रविवार, १५

ताई आठवडाभर हसली नाही. म्हटलं हिला मेव्हण्याचा व्हिडिओ दाखवावा, तीन तारखेचा. दाखवला. चहाचा ग्लास, हळूहळू वर येणारे दात, मग किंकाळी. मी हसून लोळतोय आणि ही ढिम्म. मोबाइल हातातून घेतला, मागे नेऊन परत बघितला. त्या ग्लासातल्या कवळीवर थांबवला. बोटांनी मोठा केला.

"कधीचा आहे हा?"

"तू आईला घेऊन गेलीस ना, त्या दिवशीचा."

मोबाइल माझ्या हातात परत दिला. मग म्हणाली, "डिलीट कर."

"का? इतका भारी आहे!"

"डिलीट कर म्हटलं ना. आणि कोणाला पाठवला असलास तर बघ."

कोणालाच पाठवला नव्हता, राखून ठेवला होता वाढदिवसाला टाकायला. केला डिलीट, तिच्यासमोर. एवढा तोरा? माणूस हसवायला जातो आणि वर ओरडून घेतो.  जेवताना मात्र माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीची पोळी टाकली आणि उठून गेली. बाई काही कळतच नाही मला.

मंगळवार, १७

आज अॅक्शन घेतली.

सातव्या भागात छत्रीवाला व्हिलनला गोदामात कोंडतो आणि फोन समोर धरून म्हणतो, "बोल." तो बोलतो. सगळं. आमच्याकडे गोदाम नाही, पॉलिशची खोली आहे. मेव्हणा आत गेला तशी मी बाहेरून कडी घातली आणि दाराच्या फटीत मोबाइल धरला.

"साहेब, डबे कोणी बदलले?"

"कोण? नमुन्या, कडी काढ."

"आधी बोला."

"कसले डबे? अरे इथे धूळ ओढायचा पंखा बंद आहे."

"ते कबूल केल्यावर चालू करू."

मग आतून आवाज येईना. नुसता खोकला. आणि तो थांबेचना. छत्रीवाल्याचा व्हिलन असा खोकत नाही, तो धमक्या देतो. चार मिनिटांत काढली कडी. बाहेर आला, डोळे लाल, भिंतीला धरून उभा राहिला. पाणी आणून दिलं मी. प्यायला, ग्लास हातात परत दिला आणि गेला आपल्या टेबलावर. ना शिवी, ना तक्रार.

म्हणजे नक्कीच गुन्हेगार. निर्दोष माणसाने बोंब मारली असती.

गुरुवार, १९

आजच्या भागात व्हिलन सापडला. छत्रीवाला म्हणतो, का केलंस? मी आईला वाचून दाखवत होतो. खाली ओळ आली: "मी तर फक्त गंमत केली होती. असं होईल हे मला माहीत नव्हतं."

वाचायला तोंड उघडलं आणि ताईकडे लक्ष गेलं. ती टीव्हीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"काय म्हणाला रे?" आई विचारते.

मी म्हटलं, "काही नाही, पाणी मागतोय."

ताईने मान खाली घातली.

मग माझ्या डोक्यात तो ग्लास आला. ग्लासातली ती कवळी. तिचा पुढचा एक दात जरा वाकडा होता. भाषणवाल्या आजोबांनी मुद्दाम मागितला होता, आधी होता तसाच पाहिजे म्हणून. ताईने तो बसवायला अख्खी दुपार घालवली होती. तो वाकडा दात मी धुतला, पुसला आणि समोर दिसेल त्या डब्यात टाकला.

आज एवढंच.

शुक्रवार, २०

सकाळी जाताना रस्त्यातच तिला गाठलं. "तुला माहीत होतं."

"रविवारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तीन ठिकाणांहून काढलंय तुला. इथे माझ्या शब्दावर घेतलंय."

"पण तुझं ट्रेनिंग!"

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत! पुरावा तुझ्या हातात होता आणि तू मलाच डिलीट करायला लावलास? अशी कुठे सिरियल असते का?"

यावर ती हसली. अकरा दिवसांनी हसली ती यावर! मला रस्त्यात बसून डोकं आपटावंसं वाटलं.

सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं. ग्लास, हेल्मेट, धुणं, पुसणं. मालकांनी पूर्ण ऐकलं आणि पाठीवर थाप मारली. "बहिणीसाठी अंगावर घेतोयस. बरं वाटलं. नमुना आहेस, पण मनाचा चांगला आहेस. जा, प्लॅस्टर सुकतंय."

"मालक, खरंच मी केलंय."

"हो हो. आणि मागच्या महिन्यात लॅबमध्ये साप आहे म्हणाला होतास."

मेव्हण्याला बोलावलं. "काय रे, तुझ्या ग्लासात कवळी होती?"

मेव्हणा माझ्याकडे न बघता म्हणाला, "असलं काही झालं नाही."

जन्मात पहिल्यांदा खरं बोललो आणि साक्ष द्यायला कोणी नाही. व्हिडिओ असता तर! गेले तासभर मोबाइल उलटा सुलटा करतोय. गेलेलं परत आणायचं एक अॅप घेतलं, त्याने आईचे तीनशे अंधुक फोटो परत आणले. तेवढं एक सोडून सगळं आलं.

सोमवार, २३

मेव्हण्याला जेवणाच्या सुट्टीत गाठलं. जिन्यात एकटाच डबा खात बसतो.

"साहेब, फक्त एवढंच सांगा ना, की कवळी होती."

"तू मला कोंडलंस तेव्हा मी बोललो का कोणाला? नाही. तुला मी गप्प हवा तेव्हा गप्प, बोलका हवा तेव्हा बोलका. नोकर आहे का तुझा?"

"चुकलं. पण ताईचा काय दोष?"

"मला वाटलं, फळीवरच्या टाकाऊ कवळ्या असतील. आईशप्पथ. त्या घाईचंही जे दिसलं ते बोललो." घास हातातच राहिला त्याच्या. "आणि आता काय सांगू? कवळीला घाबरून बायकांसारखा किंचाळलो म्हणून? आधीच बहिणीच्या घरी राहतो मी. जेवायला बसलो की भावोजी विचारतात, आज काय दिवे लावले. एक ट्रेनिंग मिळतंय. जरा स्वतःचं काही होईल."

"पण ते तुमचं नाहीच आहे!"

"माहीत आहे," म्हणाला आणि डब्याचं झाकण लावलं. अर्धी भाजी तशीच होती.

माणूस खडूस असता तर किती सोपं झालं असतं. राग यायला नीट जागाच ठेवत नाही हा.

बुधवार, २५

नाव गेलं. मेव्हण्याचं. सकाळी नऊ वाजता फोनवरून कळवलंपण.

शुक्रवार, २७

आज चहाच्या वेळी सगळे एकत्र होते. मी फळीवरची एक कवळी घेतली, ग्लासात सोडली, वर चहा ओतला आणि मधल्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "तीन तारखेला मी हेच केलं. ताईच्या दोन कवळ्या घेऊन. परत ठेवताना बदलल्या. कोणी काही ऐकलं असेल तर बोला."

मालक म्हणाले, "झालं याचं सुरू."

ताई मागच्या खोलीच्या दारात उभी, पांढरीफटक, डोळ्यांनी मला गप्प बस सांगतेय.

तेवढ्यात पॅकिंगच्या काकू चष्मा पुसत म्हणाल्या, "तीन तारखेला? हो, कोणीतरी ओरडलं होतं खरं. मी घरी निघाले होते. मला वाटलं, बाहेर कोणा बाईच्या पायावर गाडी गेली."

सगळे हसले. मालकपण. मेव्हण्याचे कान लाल. ग्लासाकडे बघत बसला, चहाच्या वर दातांची टोकं दिसत होती. मग म्हणाला, "मी होतो तो."

"काय?"

"बाई नव्हती. मी ओरडलो होतो. ग्लासात कवळी होती, हेल्मेटमध्येपण होती. हा खरं बोलतोय."

मालकांनी हातातला चहा खाली ठेवला.

निकाल असा. ताई सोमवारपासून आपल्या टेबलावर. मालक तिला "चुकलं माझं" म्हणाले, तेही सगळ्यांसमोर, पण घड्याळाकडे बघत. डॉक्टरांना फोन करून तिचं नाव साफ केलं. ट्रेनिंगचं नाव बदलत नाही म्हणे, एकदा गेलं की गेलं. मी घरी, आजपासूनच.

रस्त्यात ताई म्हणाली, "समाधान झालं? नोकरीही गेली, जागाही गेली. मी एवढी गप्प बसले ती कशासाठी?"

"तुझं नाव तर साफ झालं!"

"त्याचं काय करू, लोणचं घालू?"

न्याय मिळाला की मागे म्युझिक वाजतं, वारा सुटतो. आमच्या मागे फक्त एक रिक्षा हॉर्न वाजवत होती, कारण आम्ही रस्त्याच्या मधे उभे होतो.

रविवार, २९

दुपारी दारात कोण? मेव्हणा. हातात मेणाची पेटी आणि पट्टीवर ओळीने लावलेले तयार दात. चप्पल काढून उभाच.

ताईला म्हणाला, "पहिल्याच दिवशी अख्खं तोंड बसवायला लावतात म्हणे. मला येत नाही. शिकवाल का?"

मला वाटलं, आता ताई दार लावून घेईल. ताई म्हणाली, "बसा. हात धुऊन या."

मी तिला स्वयंपाकघरात ओढलं. "अगं, हाच तो सोळावा भाग! आपल्या दारात चालत आलाय! उलटं शिकव त्याला. दाढा पुढे, सुळे मागे. पहिल्याच दिवशी हाकलून देतील."

"आणि नाही हाकललं तर?"

"तर काय?"

"तर ते दात कोणाच्या तरी तोंडात जातील ना रे."

तीन तास शिकवत होती. तो बसवायचा, ती बघायची, बोट लावायची आणि सगळं पाडायची. "ओठ कुठे टेकणार इथे? माणूस हसणार कसा? परत." सहा वेळा पाडलं. माझ्यावर कधी इतकी ओरडली नाही. आई आतून विचारत होती, "कोण आलंय रे?" मी म्हटलं, "व्हिलन आलाय." आई म्हणाली, "मग चहा ठेव."

ठेवला. साध्या ग्लासात, काही न घालता. तरी मेव्हण्याने आधी ग्लास उजेडात धरून बघितला.

मंगळवार, १

मेव्हणा काल गेला. आज संध्याकाळी त्याचा फोन. ताईने स्पीकरवर टाकला, कारण हाताला मेण होतं. लॅबचं काम घरी आणून बसली होती.

"बसवलं!" तो ओरडला. तीन तारखेसारखाच आवाज. "बावीस जण होते. शिकवणाऱ्या बाईंनी माझं उचलून सगळ्यांना दाखवलं. म्हणाल्या, हे तोंड जिवंत आहे."

ताईचा हात थांबला. "खालच्या दाढा टेकल्या का नीट?"

"टेकल्या."

"मग ठीक आहे. उद्या मेण जास्त तापवू नका."

फोन बंद झाला. ती गालातल्या गालात हसत परत कामाला लागली. गुणगुणत होती! माझा जीव जळून कोळसा झालाय आणि ही गुणगुणतेय.

"ताई, तिथल्या बाईंनी विचारलं असेल ना, कोणी शिकवलं म्हणून?"

"विचारलं असेल."

"मग तुझं नाव सांगितलं का त्याने?"

"मी कुठे विचारलं?"

"विचारलं नाहीस? अगं, त्यासाठीच तर होता ना फोन!"

"तो फोन दाढांसाठी होता," म्हणाली आणि पुढचा दात उचलला.

मला समजत नाही, या बाईला घेऊन मी करू तरी काय. उद्या सकाळी मेव्हण्याला मीच फोन करून विचारणार आहे. नंबर आहे माझ्याकडे. अगदी सभ्यपणे विचारणार. निदान पहिली दोन मिनिटं.